पोराच्या कलेला शिष्यवृत्तीचा आधार

माजरीचे नाव घेतले की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक कोळशाच्या खाणी आणि दुसरे रेल्वेचे जंक्शन. वर्ध्याहून बल्लारशाला जाणारी मोठी लाईन इथून जाते. वणीकडे आणि पुढे आदिलाबादकडे जाणारा फाटाही इथूनच फुटतो. खाणीच्या कामासाठी दूरदूरची माणसे इथे आली आणि राहिली. कोणी तेलुगू बोलतो, कोणी हिंदी बोलतो. आसपासच्या खेड्यांत कास्तकार आहेत, मजूर आहेत, गोंड आणि कोलाम बांधव आहेत.

जितक्या तऱ्हेची माणसे, तितक्या तऱ्हेची गाणी. संध्याकाळी कुठे खंजिरीवर भजन चालते. कुठे ढोल वाजतो. कुठे नाटकाची तालीम असते. आणि या सगळ्यांच्या कडेला एखादे पोर मांडी घालून बसलेले असते. त्याला कोणी बोलावलेले नसते. ते रिकाम्या डब्यावर ताल धरते. ऐकलेली चाल दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी म्हणून दाखवते.

आपण काय म्हणतो? "पोट्टं नुसतं डबा बडवते. अभ्यास नाही, काही नाही!"

असे म्हणून आपण त्याला उठवतो. पण जरा थांबा. त्या पोराच्या अंगात खरोखर काही गुण असेल तर? त्या गुणाला पाणी घालायला पैसा मिळत असेल तर?

असा पैसा मिळतो. त्याला शिष्यवृत्ती म्हणतात. गाणे, वाजवणे, नाच, नाटक अशा कलांसाठी शाळेतल्या मुलामुलींना भारत सरकार ही शिष्यवृत्ती देते. पण ती मागायची तर मुलाचे वय १० ते १४ वर्षांच्या आत असावे लागते. हे वय एकदा निघून गेले की हे दार बंद होते. म्हणून ही गोष्ट आजच समजून घेऊ या.

राजाश्रय होता, आता लोकाश्रय आहे

कलावंत मुलाला आधार देणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.

कोल्हापूरच्या बाजूला कुरुंदवाड नावाचे गाव आहे. तिथे १८७२ साली एका कीर्तनकाराच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे नाव विष्णू. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्याच्या डोळ्यांना इजा झाली. दिसणे फार कमी झाले. शाळेचे पुस्तक वाचता येईना. आता या पोराचे पुढे काय, असा घरच्यांना घोर लागला.

पण मुलाचा गळा चांगला होता. त्याला मिरजेला पाठवले. तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर नावाचे मोठे गवई होते. मुलगा त्यांच्याकडे गाणे शिकू लागला. मिरजेच्या संस्थानिकांनी त्याच्या शिक्षणाला आश्रय दिला. मुलाने वर्षानुवर्षे मेहनत केली. हाच मुलगा पुढे पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर म्हणून साऱ्या देशात ओळखला गेला.

विष्णू दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्या आधी गाणे शिकायचे म्हणजे एखाद्या गवयाच्या घरी राहायचे, त्याची सेवा करायची, आणि त्याची मर्जी होईल तेव्हा शिकायचे. विष्णू दिगंबरांनी गाण्याची शाळा काढली. तिथे वेळापत्रक होते, वर्ग होते, परीक्षा होत्या. ही शाळा एका राजाच्या पैशावर चालत नव्हती. लोक मदत करत आणि शाळा चाले.

त्यांच्या मागे त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आजही देशभर हजारो मुले या मंडळाच्या गाण्याच्या, वाजवण्याच्या आणि नाचाच्या परीक्षा देतात.

आता विचार करा. मिरजेच्या दरबाराने त्या मुलाला आधार दिला नसता तर? डोळे गेले म्हणून तो घरी बसून राहिला असता. गळा त्याच्याजवळच राहिला असता आणि त्याच्याबरोबरच संपला असता.

पुढे देश स्वतंत्र झाला. संस्थाने गेली, दरबार गेले. मग कलावंताला आधार कोणी द्यायचा? ते काम सरकारकडे आले. सरकारचा पैसा म्हणजे तुमचा आमचाच पैसा. आपण काडेपेटी घेतो, तेल घेतो, तेव्हा त्यावर कर भरतो. त्या करातून ही मदत दिली जाते. म्हणून ही भीक नव्हे. हा आपल्या लेकरांचा वाटा आहे. तो मागायला लाजायचे कारण नाही.

ही शिष्यवृत्ती काय आहे?

दिल्लीला सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र नावाची सरकारी संस्था आहे. तिला लोक थोडक्यात 'सीसीआरटी' म्हणतात. ही संस्था १९७९ साली सुरू झाली. लहान मुलांतली कला हुडकून तिला वळण लावायचे, यासाठी १९८२ पासून शिष्यवृत्तीची योजना चालू झाली.

योजनेच्या नियमांतल्या मुख्य गोष्टी अशा:

पहिली गोष्ट वयाची. मूल १० ते १४ वर्षांचे असावे. कोणत्या तारखेला वय मोजायचे ते त्या वर्षीच्या सूचनेत दिलेले असते.

दुसरी गोष्ट शाळेची. मूल सरकारमान्य शाळेत शिकत असावे. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चालते. आश्रमशाळाही चालते.

तिसरी गोष्ट पैशाची. निवड झालेल्या मुलाला वर्षाला ३,६०० रुपये मिळतात. म्हणजे महिन्याला ३०० रुपये झाले. याशिवाय मूल ज्या गुरूकडे शिकते त्याला दिलेली फी परत मिळते. ती वर्षाला जास्तीत जास्त ९,००० रुपयांपर्यंत मिळते.

चौथी गोष्ट मुदतीची. शिष्यवृत्ती दोन दोन वर्षांनी पुढे वाढवली जाते. मुलाची प्रगती चांगली असेल तर ती वयाच्या २० व्या वर्षापर्यंत किंवा कॉलेजची पहिली पदवी मिळेपर्यंत चालू राहू शकते.

पाचवी गोष्ट जागांची. साऱ्या देशातून दरवर्षी सुमारे ६५० मुले निवडायची अशी ही योजना आहे. या जागांपैकी काही जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या कला चालत आली आहे त्यांच्या मुलांसाठी काही जागा आहेत. आदिवासी मुलांसाठी काही जागा आहेत. अपंग मुलांसाठीही आहेत.

सरकारी नियमांत मधून मधून फेरबदल होतात. म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीची सूचना गुरुजींकडून वाचून घ्यावी. आपण आता वाचायला शिकलो आहोत. तेव्हा स्वतःही एकदा वाचावी.

आता कोणी म्हणेल, "महिन्याला ३०० रुपये! एवढ्याने काय होते?"

खरे आहे. एवढ्याने घर चालत नाही. आणि हा पैसा घर चालवायला नाहीच. पण हिशेब करून पाहा. बाराव्या वर्षी एखाद्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती विसाव्या वर्षापर्यंत टिकली. आठ वर्षांत तिचे २८,८०० रुपये होतात. गुरूची फी वेगळी मिळते. म्हणजे आठ वर्षे तिला कोणी म्हणू शकत नाही की, तुझ्या गाण्यापायी घरचा पैसा जातो. तिचे शिकणे तिच्या स्वतःच्या कमाईचे होते. याचा जोर पैशापेक्षा मोठा आहे.

आपल्याकडची कला चालते काय?

आमच्या खेड्यातल्या माणसाला वाटते की, कला म्हणजे शहरातली. तबला, सतार, मोठमोठे राग. आपल्या दंडारीला कोण विचारतो?

हा गैरसमज आहे. या योजनेत शास्त्रीय गाणे आणि नाच आहेत, तशा लोककलाही आहेत. ज्या कला दुर्मिळ होत चालल्या आहेत, त्यांच्याकडे तर अधिक लक्ष द्यायचे असे धोरण आहे.

आपल्या जिल्ह्यांकडेच पाहा. माजरीहून पूर्वेकडे गेलो की ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही हा धानाचा मुलूख लागतो. त्याला झाडीपट्टी म्हणतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत ती पसरली आहे. तिथे धान निघाले की मंडई भरते आणि गावोगाव नाटके लागतात. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा गाव या नाटक मंडळ्यांचे मोठे ठिकाण आहे. दंडार आणि खडी गंमत हे तर त्याहून जुने खेळ.

या झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना भारत सरकारने २०२३ साली पद्मश्री दिली. कुरखेडा तालुक्यातला हा कलावंत. खेड्यातल्या मांडवात त्यांनी जन्मभर काम केले. देशाने त्यांची दखल घेतली.

माजरीच्या दक्षिणेला राजुरा, कोरपना, जिवती या भागांत गोंड आणि कोलाम लोकांचा ढेमसा नाच आहे. तिकडे दिवाळीच्या दिवसांत डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप घालून गुसाडी नाचतात. हा नाच सीमेपलीकडे तेलंगणातही आहे. तिथले गुसाडी कलावंत कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. रानातल्या नाचाला दिल्लीने मान दिला, आणि आपण मात्र पोराला म्हणतो की हे काय कामाचे!

आणि खंजिरी? आपल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हातात काय होते? खंजिरीच होती. त्या खंजिरीच्या भजनांनी चिमूर भागात लोक जागे झाले. १९४२ साली चिमूरने इंग्रज सरकारला हादरा दिला. कलेची ताकद काय असते ते चंद्रपूर जिल्ह्याला दुसऱ्याने सांगायची गरज नाही.

अपंग मुलांविषयीही सांगायला हवे. माजरीजवळच वरोरा आहे. तिथे बाबा आमट्यांचे आनंदवन आहे. तिथे 'स्वरानंदवन' नावाचा वाद्यवृंद उभा राहिला. त्यात अंध, अपंग कलावंत गातात, वाजवतात, नाचतात. गावोगाव त्यांचे कार्यक्रम झाले आहेत. ज्या घरी असे मूल असेल त्या आईबापांनी हे एकदा पाहावे. मग मुलाला कोपऱ्यात बसवून ठेवायची इच्छा होणार नाही.

गुण कसा ओळखावा?

सगळीच पोरे गातात आणि नाचतात. मग आपल्या पोराचा गुण खरा की नुसती हौस, हे कसे ओळखावे?

तीन खुणा पाहा.

एक, मूल कोणी न सांगता तेच तेच करत राहते. चार महिने झाले, सहा महिने झाले, तरी त्याचा नाद सुटत नाही.

दोन, एकदा ऐकलेले त्याच्या लक्षात राहते. चूक झाली तर त्याला स्वतःलाच कळते. ते थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून धरते.

तीन, जाणता माणूस त्याला मान देतो. भजनी मंडळातला जुना वादक किंवा नाटकातला मास्तर त्याला जवळ बोलावतो आणि म्हणतो, "घे रे बाबू, तू वाजव."

या तीनही खुणा दिसल्या तर पुढचे पाऊल टाकावे. ते पाऊल म्हणजे गुरू. शिष्यवृत्ती शिकण्यासाठी असते. म्हणून मूल कोणाकडे तरी नीट शिकत असले पाहिजे. नुसते सिनेमाचे गाणे पाहून पाहून नाच उचलला, एवढ्याने भागत नाही. पेटी असो की ढोल असो, बोट कसे पडावे, हात कसा फिरावा, हे कोणीतरी बसून शिकवावे लागते.

केरळात कलामंडलम नावाची संस्था आहे. कवी वल्लत्तोळ यांनी ती १९३० साली काढली. तिकडची कथकली ही नाटकाची कला त्या काळी बुडायला लागली होती. त्यांनी गुरू एकत्र केले आणि लहान मुलांना शिकायला बसवले. तिथली मुले पहाटे उठून अंगाची आणि डोळ्यांची मेहनत करतात. ती बुडणारी कला आज साऱ्या जगात माहीत आहे. गुरू मिळाला आणि मूल वेळेवर बसले, म्हणजे असे होते.

अर्ज कसा करावा?

अर्जाची सूचना दरवर्षी निघते. ती सीसीआरटीच्या संकेतस्थळावर असते. आपल्या गावात ती आपोआप येईल अशी वाट पाहू नये. शाळा सुरू झाली की मुख्याध्यापकांना जाऊन विचारावे. "गुरुजी, सीसीआरटीच्या शिष्यवृत्तीची सूचना निघाली काय? कलेची, लहान पोरांची." एवढे विचारले तरी पुरे. दर महिन्याला एकदा विचारावे.

सूचना निघाल्यावर कागद गोळा करायला निघालो तर मुदत संपून जाते. म्हणून हे कागद आधीच एका पिशवीत तयार ठेवावे:

जन्माचा दाखला. शाळेतली जन्मतारीख आणि दाखल्यावरची जन्मतारीख एकच आहे ना, ते पाहावे. पुष्कळ घरांत इथेच घोटाळा असतो. शाळेत घालताना कोणीतरी अंदाजाने तारीख सांगितलेली असते. फरक असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा.

शाळेत शिकत असल्याचा दाखला.

जातीचा दाखला लागत असेल तर तो. माजरीच्या लोकांची तहसील भद्रावतीला आहे. तिथे चौकशी करावी. आदिवासी पालकांनी चंद्रपूरच्या किंवा चिमूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातही विचारावे.

अपंग मूल असेल तर सरकारी दवाखान्याचा दाखला.

गुरूची चिठ्ठी. मूल माझ्याकडे अमुक कला अमुक वर्षांपासून शिकते, असे गुरूने लिहून द्यावे. त्यावर सही आणि तारीख असावी.

मुलाच्या नावाचे बँकेचे खाते. ते काढायला वेळ लागतो. तेव्हा ते आधी काढावे.

अर्जानंतर मुलाची परीक्षा होते. ठरलेल्या गावी, ठरलेल्या दिवशी जावे लागते. तिथे जाणते कलावंत बसलेले असतात. मूल त्यांच्यापुढे गाते, वाजवते किंवा नाचते. ते मुलाला काही विचारतात. ताल कोणता, गुरू कोण, किती वर्षे शिकतोस, असे साधे प्रश्न असतात.

घरी त्याची तयारी करून घ्यावी. पाच दहा मिनिटांत बसेल अशी एकच गोष्ट नीट बसवावी. दहा गोष्टी कच्च्या नेण्यापेक्षा एक गोष्ट पक्की न्यावी. अनोळखी माणसांपुढे म्हणायची सवय करावी. शाळेत १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला मुलाला उभे करावे. म्हणजे त्याची भीड मोडते.

शाळा सुटली की शिष्यवृत्ती सुटली

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सांगतो.

ही शिष्यवृत्ती शाळा चालू आहे तोवरच असते. शाळा सोडली की ती बंद होते. पुष्कळांना वाटते, कला आली म्हणजे शिक्षण कशाला? पण नियम असा नाही. आणि तो नियम शहाणपणाचा आहे.

नाटकाच्या हंगामात हुशार पोराला मागणी येते. "एका रात्रीपुरते द्या हो, बालशिवाजीचे काम आहे." बापाला बरे वाटते. चार पैसेही हाती येतात. पण एक रात्र म्हणता म्हणता दहा रात्री होतात. पोर रात्रभर जागते आणि दिवसा वर्गात डुलक्या घेते. मग ते शाळेतच जाईनासे होते. आज टाळ्या पडतात. उद्या त्याचा आवाज फुटतो, मिसरूड येते, आणि बालशिवाजीचे काम दुसऱ्या पोराला मिळते. तेव्हा हातात शाळा नाही आणि कामही नाही.

मुलींची गोष्ट याहून अवघड आहे. मुलगी बारा तेरा वर्षांची झाली की घरात कुजबुज सुरू होते. "आता पुरे झाले नाचणे. लोक काय म्हणतील?" ज्या वयात शिष्यवृत्ती मिळते, नेमक्या त्याच वयात आपण तिला घरी बसवतो. तिची कला आपण हाताने खुडतो.

मायबहिणींनो, यावर जरा विचार करा. जात्यावर ओव्या कोणी गायल्या? आपल्या आज्यांनी. धानाच्या रोवणीला गाणी कोण म्हणते? बायाच म्हणतात. कलेचा ठेवा बायकांनीच पोटाशी धरून जपला. मग लेकीने तीच कला शिकून नाव काढले तर त्यात वाईट काय? सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र घरी आले की कुजबुज करणारेच पेढा मागायला येतात!

मुलीला परीक्षेला नेताना घरातले कोणी सोबत जावे. ती कोणाकडे शिकते, किती वाजता जाते, किती वाजता येते, हे पाहावे. काळजी जरूर घ्यावी. पण काळजीच्या नावाखाली दार लावू नये.

लोक विचारतात

आम्ही गावोगाव ही गोष्ट सांगतो तेव्हा लोक निरनिराळे प्रश्न विचारतात. त्यांतले काही इथे देतो.

"एक जण म्हणतो, मला हजार रुपये द्या, मी शिष्यवृत्ती करून देतो. द्यावे काय?"

मुळीच देऊ नये. निवड कलेच्या परीक्षेवर होते. मधल्या माणसाच्या हातात काही नसते. असा कोणी भेटला तर मुख्याध्यापकांना सांगावे.

"पोराची निवड नाही झाली तर?"

सारा देश आणि सहाशे पन्नास जागा. पुष्कळ चांगली मुलेही मागे राहतात. वय उरले असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा बसवावे. निवड झाली नाही म्हणून पोराला टोमणे मारू नयेत. ते जे शिकले ते कुठे जात नाही.

"शिष्यवृत्तीचा पैसा घरात अडीनडीला वापरला तर?"

मोह होतो, हे आम्हालाही कळते. पेरणीच्या वेळी घरात पैसा नसतो. पण हे बियाणे समजा. बियाणे दळून खाल्ले तर एक दिवस पोट भरते, पुढे पीक येत नाही. त्या पैशाची वही घालावी. पेटीचा भाता दुरुस्त केला, ढोलकीला नवी पुडी बसवली, गुरूकडे जाण्याचे बसभाडे दिले, असे लिहून ठेवावे. गुरूच्या फीची पावती जपून ठेवावी. पावती नसेल तर फी परत मागणार कशाच्या जोरावर?

"आमचे पोर चौदा वर्षांच्या पुढे गेले. त्याचे काय?"

त्याच्यासाठी दुसरी दारे आहेत. नववी ते बारावीच्या मुलांसाठी 'कला उत्सव' असतो. भारत सरकारने तो २०१५ साली सुरू केला. त्यात गाणे, वादन, नाच, नाटक यांच्या स्पर्धा होतात. आधी जिल्ह्यात, मग राज्यात, मग देशात. शाळेमार्फत नाव द्यावे लागते. महाराष्ट्रात दहावीच्या मुलांना शास्त्रीय कलेच्या ठरलेल्या परीक्षांसाठी आणि लोककलेतल्या सहभागासाठी जादा गुण मिळण्याची सोय आहे. त्यासाठी कार्यक्रमांचे दाखले जपून ठेवावे. आणि १८ ते २५ वर्षांच्या तरुण कलावंतांसाठी भारत सरकारची वेगळी शिष्यवृत्ती आहे. तिच्यात दोन वर्षे महिन्याला ५,००० रुपये मिळतात.

"आमच्या गावात गुरूच नाही. मग?"

शेजारच्या गावात पाहा. भजनी मंडळात पाहा. रिटायर झालेला एखादा बँडवाला, एखादा कीर्तनकार, एखादा नाटकाचा पेटीमास्तर कुठेतरी असतोच. चार घरांची पोरे मिळून त्याच्याकडे जाऊ शकतात. ग्रामपंचायतीला सांगून समाजमंदिराची खोली संध्याकाळी मागता येते. अशा म्हाताऱ्या गुरूलाही बरे वाटते. त्याच्या हातातली कला त्याच्याबरोबर जायची ती पोरांच्या हातात राहते.

आता काय करायचे?

हे वाचून झाले की पुस्तक मिटून ठेवू नका. तीन कामे करा.

आज घरातल्या मुलांचे वय मोजा. कोण दहाचे आहे, कोण तेराचे आहे, ते लिहून काढा. ज्याचे तेरावे चालू आहे त्याच्यासाठी वेळ थोडा आहे.

उद्या शाळेत जा आणि गुरुजींना विचारा. जन्मतारीखही तपासून या.

या आठवड्यात मुलाला जवळ बसवा आणि म्हणा, "ऐकव बाबू, काय शिकलास ते." ते गाईल किंवा वाजवेल. शेवटपर्यंत ऐका. मध्येच उठू नका. डबा बडवणाऱ्या पोराला ढोलकी कधी द्यायची, हे ऐकल्याशिवाय कळत नाही.

आणि ज्यांना अजून वाचता येत नाही अशा शेजाऱ्यांना हे वाचून दाखवा. कोणत्या घरात तो गळा आहे आणि कोणत्या घरात तो हात आहे, हे आपल्याला कुठे माहीत असते?